माझं भांडण 'शिवाय'शी

बाईंच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर अंगणात श्रद्धांजलीची भाषणं झाली. चौघं बोलले आणि चौघांच्याही तोंडी फिरून फिरून एकच वाक्य आलं. बाई हाडाच्या शिक्षिका होत्या, शिवाय त्यांना नाचाची आणि खेळाची फार आवड होती. मी मागं सतरंजीवर बसून ऐकत होतो. उठून बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहितोय. माझं भांडण त्या 'शिवाय'शी आहे.

आमची शाळा वाई तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. मी चौथीत होतो १९९४ साली. तेव्हा स्कॉलरशिप चौथीला असायची, त्यामुळं दिवाळी झाली की आजूबाजूच्या शाळांत खेळाचा तास गुपचूप गणिताला जायचा. आमच्या बाईंनी गणितच उचलून मैदानावर नेलं. सतराचा पाढा काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा कपाटातल्या लेझमी बाहेर निघाल्या. एका ठोक्याला एक आकडा, आणि चुकला की साखळीचा आवाज फुटायचा. आपलं चुकलंय हे बाईंच्या आधी आपल्याच हाताला कळायचं. मला आजही कुणी सतरा नव्वे विचारलं तर उजवा गुडघा आधी वाकतो आणि उत्तर मागून येतं. बायको हसते. हसू दे.

खो-खो हा मात्र माझ्या भीतीचा विषय. मी जाड होतो, पोरं मला 'पोतं' म्हणायची. पाटीवर आठ जण उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडं, पुढच्याचं तिकडं. पाठीवर थाप आणि 'खो' एकदम आलं की उठायचं. एकदा पाऊल ज्या दिशेला पडलं त्याच दिशेला खांबापर्यंत जायचं. मागं फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्यांना मात्र सगळं मोकळं. मी उठलो की समोरची पोरगी माझ्याकडं बघून चक्क चालत जायची.

बाईंनी मला बाहेर बसवलं नाही आणि 'जोरात पळ' असंही कधी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला पळता येत नाही ना? मग दोन पावलं टाक आन् खो दे. पळणारी पुढं बसल्यात की." आठवडाभर माझ्याकडून त्यांनी तेवढंच करून घेतलं. उठायचं, दोन पावलं, खो. केंद्राच्या स्पर्धेत आम्ही हरलोच, पण माझ्या खोवर उठलेल्या पोरांनी दोन गडी मारले. घरी येऊन मी मार्कांऐवजी हे सांगितलं, त्यावर आई काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

आता सांगा, यातलं शिकवणं कुठं संपलं आणि 'आवड' कुठं सुरू झाली?

नाचाचंही तेच. श्रावणात मंगळवारी गल्लीत कुणाकडंही मंगळागौर असो, बाई शाळा सुटल्यावर पदर खोचून हजर. सासूबाईंबरोबर त्यांची फुगडी बघायला आम्ही पोरं खिडकीला लोंबकळायचो. हातांची अढी, पावलाला पाऊल आणि दोघी मागं रेललेल्या. त्या घरात सासूसुनांचं पटायचं नाही असं नाही, कडाक्याची भांडणं व्हायची आणि ती आम्हाला ऐकूही यायची. पण फुगडीत एकीनं हात सोडला तर दोघी आपटणार. कुणी कधी सोडला नाही. पुढं पोरीच्या लग्नात बाई बँडपुढं नाचल्या, तेव्हा गावात दोन दिवस कुजबुज झाली की मास्तरीणबाईंना शोभतं का. सोमवारी त्या नेहमीसारख्या शाळेत आल्या. त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त त्या दिवशी परिपाठ संपल्यावर सगळ्या शाळेला झिम्मा घालायला लावला. मुलग्यांनासुद्धा.

बाई रिटायर झाल्यावर माझा त्यांना फोन असायचा. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला ७८-४० असं हरवलं, कॅप्टन आपली प्रियांका इंगळे. मी उड्या मारत फोन केला, तर बाईंची तक्रार तयारच. "अरे, सातच गडी? नऊ असतात! आन् ती चटई कसली, माती कुठाय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पोरी काय सूर मारतात रे."

माझ्या मुलीच्या शाळेत परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीचा जातो. पालकांच्या ग्रुपवर त्याचं स्वागत होतं, आणि गेल्या वेळी मीही अंगठा टाकला होता. बाईंना हे सांगायचं राहिलं. बरंच झालं.

भाषणं संपली, पाहुणे पांगले. रात्री घरची माणसं उरली आणि शेजारी म्हणून मी. बाईंच्या थोरल्या मुलीनं फडताळातून पत्त्यांचा कॅट काढला. कुणीतरी आत्या म्हणाली, "आज?" पण काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, मान डोलावली. बदाम सात. या कॅटातली बदामाची सत्ती कधीच हरवलेली. तिच्या जागी बाईंनी जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा कापून लाल पेनानं सात बदाम काढलेले. पाठ पिवळी, त्यामुळं डाव कोण सुरू करणार हे वाटतानाच सगळ्यांना दिसायचं. लपवायची सोय नाही.

ती काकांकडं गेली. ते पोस्टकार्डाचा तुकडा हातात धरून बराच वेळ बसले. कुणी घाई केली नाही. मग धाकटा नातू, त्याला काय कळणार, म्हणाला, "आजोबा, टाका ना, तुमचीच हाय, मला दिसतीय."

काकांनी टाकली.