'दर रविवारी बोंबलणारा डिटेक्टर': दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. स्मोक डिटेक्टर दर रविवारी विनाकारण बोंबलतो, शेजारी गोळा होतात, बघायला आलेल्या मुलाने ४०० रुपये घेतले आणि वर महागडा हीट डिटेक्टर गळ्यात मारतोय, ही तुमची तक्रार. यातलं निम्मं मान्य आहे.

तुम्ही बुधवार पेठेत आलात तेव्हा 'घरासाठी हवाय' म्हणालात. आमच्या काउंटरवरच्या मुलाने 'घरात कुठे?' हे विचारायला हवं होतं. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं सुतारकाम चालतं, हे तिथेच कळलं असतं. चूक आमची. ४०० रुपये परत करतो.

परवा मी स्वतः येऊन डिटेक्टर तुमच्यासमोर उघडला. आत सागाचा पिठासारखा भुसा आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. त्या काळ्या डबीत प्रकाशाचा झोत असतो. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. सँडरची (लाकूड घासायच्या मशीनची) धूळही नेमकं हेच करते. म्हणजे डिटेक्टर धड आहे, त्याची जागा चुकली.

हीट डिटेक्टरला धुळीशी घेणंदेणं नाही, तो फक्त तापमान बघतो. नेहमीचा ५७ अंशांच्या आसपास वाजतो. पण पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश असताना पत्र्याखाली काय होतं ते तुम्ही रोज सोसता, मी काय सांगणार? मिनिटाला आठेक अंश चढले की वाजणारा प्रकारही असतो, पण तुम्ही हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) वापरता, त्याने तो उगाच वाजेल. म्हणून ७८ अंशांच्या आसपासचा सुचवला. 'महागडा' तो हाच.

आता जे मान्य नाही ते. 'स्मोक परत घ्या, हीट द्या' अशी नुसती अदलाबदल मी करणार नाही, मग एकच तारा दिलात तरी चालेल. भुसा आधी नुसता धुमसत राहतो. छताशी तेवढी उष्णता साठेपर्यंत धूर स्वयंपाकघराच्या दारातून आत आलेला असतो, आणि तुम्ही झोपलेले. तोच स्मोक डिटेक्टर साफ करून बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये लावू, हीट शेडमध्ये, आणि दोन्ही तारेने जोडू. एक वाजला की दुसराही वाजेल.

शिवाय मी आलो तेव्हा डिटेक्टरवर दुधाची पिशवी रबरबँडने बांधलेली होती. वहिनी म्हणाल्या, तीन आठवडे झाले. अभिप्रायात हे लिहायचं राहिलं असावं.

त्याहून मला घाबरवलं ते टेबलाखालच्या, जवसाचं तेल लागलेल्या फडक्यांच्या बोळ्याने. हे तेल वाळताना तापतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि ठिणगी नसतानाही फडकं पेट घेऊ शकतं. तुमचा बोळा तर भुशाच्या पोत्याला टेकलेला होता. कृपा करून फडकी उलगडून बाहेर दोरीवर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. हे आजच करा, त्याला आमची गरज नाही.

शनिवारी सकाळी दहाला मुलगा येईल, बसवायचे पैसे नाहीत. शिडी मात्र तुमची लागेल, आमची स्कूटरवर मावत नाही.