‘पंचवीस वर्षांत काही झालं नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

स्लॅबच्या गडबडीत होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: परांचीपासून (बाहेरच्या कामासाठी बांधलेल्या पाइप-फळ्यांच्या मचाणापासून) दोन फुटांवर चार फूट खोल ड्रेनेजचा चर तुम्ही २५ वर्षं मारत आलात, एकदाही काही झालं नाही. ‘चराची जेवढी खोली, परांचीपासून निदान तेवढं अंतर’ हा माझ्या लेखातला नियम एसी केबिनमधला आहे, तो पाळायचा तर खर्च वाढतो. आणि मुरमाला तो लागूच होत नाही.

मुरमाचं आधी. घट्ट मुरूम उभा कापला तरी तग धरतो, हे खरं. मी सरसकट लिहायला नको होतं. पण इमारतीच्या भिंतीलगत मूळ मुरूम उरतो कुठे? तिथे असतो पायाचे खड्डे बुजवताना टाकलेला भराव. माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सगळं त्यात. वरून धुम्मस (माती ठोकायचं वजन) फिरवलं तर फिरवलं. आणि परांची नेमकी त्यावरच उभी असते.

आता २५ वर्षांचं. मी नवखा असताना एका साइटवर तिसऱ्या मजल्याचं बाहेरचं प्लास्टर चालू होतं आणि खाली परांचीला खेटून चर निघाला होता. कडेची माती थोडी ढासळलेली दिसली, म्हणून वाकून परांचीच्या एका पायाखालची, म्हणजे उभ्या पाइपाखालची, फळी ओढली. ती एका हाताने अलगद बाहेर आली. पाइप जमिनीला टेकलेलाच नव्हता! वर गवंडी निवांत थापी मारत होते. मुकादम म्हणाला, “राहू द्या साहेब, बाकीचे पाय आहेत की.”

तो खोटं बोलत नव्हता. लटकलेला पाय क्लॅम्पांवर (पाइप जोडणाऱ्या पकडींवर) तरंगतो आणि त्याचा भार शेजारचे पाय घेतात. त्या क्षणी काहीच पडत नाही. पण शेजारचे पायही त्याच ढासळत्या कडेवर उभे असतात, आता जास्तीचं ओझं घेऊन. मग कोणीतरी वर विटांची थप्पी लावतो, किंवा रात्री पाऊस येऊन चरात पाणी साठतं. तुमच्या २५ वर्षांत किती पाय असे लटकले असतील, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. फळी ओढून बघतो कोण?

पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ ला पहाटेच्या आधी, मध्यरात्र उलटल्यावर मजुरांच्या झोपड्यांवर भिंत कोसळली, १५ माणसं गेली. ती परांची नव्हती, मान्य. पण लगतचं खोदकाम आणि वरून पाऊस, ही जोडी तीच.

खर्चाचा मुद्दा मात्र मला पटला नाही. बाहेरचं प्लास्टर उरकून परांची उतरली की मग चर मारा, किंवा परांची बांधण्याआधीच लाइन टाकून घ्या. यात जास्तीचा पैसा कुठे लागतो? फक्त प्लंबरला तारीख आधी सांगावी लागते (आणि त्याने ती पाळावी लागते, ते वेगळं दुखणं).

अगदीच अडलं तर जेसीबी लांब ठेवा, कुदळ-फावड्याने खणा. एका वेळी चार-पाच फूटच उघडा, पाइप टाकून, भरून, ठोकून मग पुढे सरका. तेवढ्या भागावरची माणसं आणि माल आधी खाली आणा. चरातल्या बिगाऱ्याच्या डोक्यावर थापी पडायचा धोकाही त्यातच टळतो. निघालेली माती परांचीच्या पायांत ढकलू नका, घनमीटरभर माती दीड टनाच्या आसपास भरते. आणि काम पुन्हा सुरू करण्याआधी एकेक फळी हाताने हलवून बघा. चर खोल असेल तर एवढ्यावर भागत नाही. पाय तात्पुरते बीमवर घ्यायचे की तेवढी परांची उतरवायची, हे इंजिनिअरने ठरवायचं, मुकादमाने नाही.

तुमच्यामुळे माझी एक चूकही सापडली. लेखात मी अंतर ‘पाइपपासून’ मोजायला सांगितलं होतं. नऊ इंची फळी असेल तर साडेचार इंच तिथेच गेले, म्हणजे तुमचे दोन फूट प्रत्यक्षात एकोणीस-वीस इंचच. ते वाक्य आता ‘फळीच्या बाहेरच्या कडेपासून’ असं बदललं आहे, आणि मुरमाचा परिच्छेदही नव्याने लिहिला आहे.