सही कोण बघतंय?

आज सकाळी चहा ठेवला आणि फोन हातात घेतला, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडलेला. अमेरिकेत टपालाने मतदान म्हणजे राजरोस चोरी, कोणीही कोणाचंही पाकीट भरून टाकतं, आणि शेवटी ठळक अक्षरांत, “पाकिटावरची सही कोण बघतंय?” खाली सात-आठ अंगठे. त्यातले दोन इथेच, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहणाऱ्या माणसांचे. दर नोव्हेंबरला तेही माझ्यासारखंच पाकीट भरून पेटीत टाकतात. उत्तर लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. वयानं मोठी माणसं आहेत, लग्नकार्यात समोर येतात. तेवढ्यात चहा उतू गेला. म्हणून इथे लिहितेय, आणि लांबणार आहे.

सही कोण बघतंय ना? माझ्या सासऱ्यांची बघितली. बघितली आणि नापास केली.

अण्णांची उभी हयात मिरजेत बँकेत गेली. आधी क्लार्क, मग पासिंग ऑफिसर. काम काय, तर आलेल्या चेकवरची सही आणि खातं उघडताना कार्डावर घेतलेली नमुना सही शेजारी शेजारी धरायची आणि हात एकच आहे का ते बघायचं. तेहतीस वर्षं. नाही जुळली तर चेक परत, मेमोवर खूण, ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’. इथे आमच्याकडे राहायला आले, ग्रीन कार्ड झालं, रीतसर पाच वर्षं थांबून नागरिकत्व घेतलं. शपथ घेऊन घरी आले आणि कोट न काढता म्हणाले, “आता मतदार यादीचं बघ.” सही मात्र मराठीतच ठेवली. आधी सगळी अक्षरं लिहायची आणि मग एका दमात शिरोरेघ ओढायची, टोकाला खाली एक झोका. त्या रेघेचा त्यांना अभिमान होता. मग कंपवात आला.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. इथे २०११ पासून सगळं राज्यच टपालाने मत देतं. निवडणुकीच्या अठरा दिवस आधी मतपत्रिका टपालात पडतात. ती भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर शपथेखाली सही करायची आणि टपालपेटीत किंवा निवडणुकीच्या लोखंडी पेटीत टाकायची. तिकीटही लावावं लागत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात अण्णा ८४ वर्षांचे होते. अध्यक्षपदाचं ठरवायला त्यांना एक मिनिट लागलं. पण राज्याचे चार जनमताचे प्रश्न होते मतपत्रिकेवर, आणि त्यासाठी राज्याने घरी पाठवलेली माहितीपुस्तिका अण्णा दहा दिवस भिंग घेऊन वाचत होते. एक प्रश्न नैसर्गिक वायूचा होता. “म्हणजे स्वयंपाकाचा गॅस बंद करायचा विचार आहे का यांचा?” एक म्हातारपणच्या देखभालीच्या विम्याचा. तो त्यांनी तीनदा वाचला. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पुस्तिकेत छापलेले असतात, त्यांखाली पेन्सिलने रेघा. मत भरताना मला म्हणाले, “तू तिकडे तोंड कर.” मी ओट्याकडे तोंड करून भाजी चिरत बसले. एक-एक गोल भरायला त्यांना किती वेळ लागला ते मला पेनाच्या आवाजावरून कळत होतं.

सही करायला पाच मिनिटं लागली. अक्षरं झाली. शिरोरेघ ओढताना हात तीनदा उडाला आणि रेघ तीन ठिकाणी तुटली.

वाचनालयाबाहेरच्या पेटीत पाकीट त्यांनी स्वतः टाकलं, गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून. चार दिवसांनी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाचं पत्र. तुमच्या पाकिटावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही, सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवा, तोवर तुमचं मत मोजलं जाणार नाही. मागोमाग फोनही.

मी इतकी चिडले होते त्या दिवशी! एक तर तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, त्यात ८४ वर्षांच्या माणसाला चोर ठरवता? मी फोन करून सुनवायलाच निघाले होते. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “बरोबर केलं त्यांनी. मीसुद्धा परत केला असता हा चेक.”

मी म्हटलं, “अण्णा, त्यांना मराठी येत नाही.”

“अगं, सही वाचायची नसते, बघायची असते. आमच्याकडे कानडी सह्या यायच्या ढिगानं. मला कुठे येत होतं कानडी?”

तर ग्रुपवरच्या थोरामोठ्यांनो, हे असं बघतात. नुसती अण्णांची नाही, प्रत्येक पाकिटावरची. पक्षांचे निरीक्षक तिथे येऊन बघू शकतात. पेटी रिकामी करायला एकटा माणूस जात नाही, किमान दोघं लागतात. तुम्हाला हे माहीत नाही असं कसं म्हणू? तुम्ही इथे राहता. माहीत करून घ्यायचं नाही एवढंच. आणि मग ज्याने हे सगळं रचलं तो सरकारी कारकून, ती तात्पुरत्या कामावर आलेली निवृत्त शिक्षिका, सगळे चोर. घरी बसून, चहा पिता पिता, एका अंगठ्यानं.

हो, गैरप्रकार झालेत. उत्तर कॅरोलिनात २०१८ मध्ये झाला, मोठा झाला. नवव्या मतदारसंघात एका उमेदवाराची आघाडी होती ९०५ मतांची, आणि त्याच्यासाठी काम करणाऱ्या एका दलालाची माणसं घरोघर फिरून लोकांच्या टपाली मतपत्रिका गोळा करत होती. पण पुढचंही सांगा ना! ते पकडलं गेलं. सुनावणीत उमेदवाराच्या सख्ख्या मुलाने, बापासमोर, साक्ष दिली की मी तुम्हाला या माणसाबद्दल आधीच बजावलं होतं. निवडणूकच रद्द झाली, २०१९ मध्ये पुन्हा घेतली. चोरी झाली आणि सापडली. याला पुरावा म्हणून जो फॉरवर्ड फिरवतो तो अर्धीच गोष्ट सांगतो.

आणि २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं काय? निकालावरून साठाहून जास्त खटले झाले. जॉर्जियातल्या कॉब काउंटीत पंधरा हजारांवर पाकिटांवरच्या सह्या तपास यंत्रणेने नव्याने तपासल्या. बनावट मत एकही निघालं नाही. दोन पाकिटांत चूक सापडली, त्यातल्या एकावर नवराबायकोंपैकी एकाने दुसऱ्याच्या जागी सही केली होती. दोन. पंधरा हजारांत. ते वाचलं तेव्हा मला अण्णाच आठवले, साताऱ्याकडचा कोणी शेतकरी बायकोच्या खात्याच्या स्लिपवर स्वतःच सही करून आला की त्याला समोर बसवून समजावणारे.

ज्यांनी हे सगळं पेटवलं त्यांचं काय बोलायचं. ट्रम्प यांनी २०२० मध्ये स्वतः फ्लोरिडात टपालाने मत दिलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये टपाली मतदान बंद पाडण्याची मोहीम उघडली. लोकांच्या मनात संशय भरला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तर आमच्याच राज्यातल्या व्हँकूवर गावात कोणीतरी मतपेटी पेटवून दिली. शेकडो मतपत्रिका खराब झाल्या. कार्यालयाने त्या पाकिटांवरची नावं शोधून लोकांना नव्या मतपत्रिका दिल्या. ती बातमी आली त्याच सुमारास अण्णांचं पाकीट पेटीत होतं. अण्णा टीव्हीसमोर बसून सारखे विचारत होते, “आपली पेटी आहे ना गं ठीक?” त्या माणसाच्या चेहऱ्यावर ती काळजी आणलीत तुम्ही. तुम्ही म्हणजे फॉरवर्ड करणाऱ्यांनी. तुम्हाला वाटत असेल पेटवणारा वेगळा आणि पाठवणारा वेगळा. मला आज तसं वाटत नाही.

जरा जास्त झालं. पण खोडत नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करते, कारण ती मला स्वतःलाच खुपते. घरात भरलेलं मत गुप्त राहतंच असं नाही. मी ओट्याकडे तोंड केलं. सगळ्या घरांत करतात असं नाही. आपल्यातलंच एक घर मला माहीत आहे, जिथे नवरा दोन्ही मतपत्रिका भरतो आणि बायको फक्त सही करते. मतदान केंद्राच्या आडोशात तिला निदान दोन मिनिटं एकटीची मिळाली असती. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण फॉरवर्डमध्ये तिचा विषयच नव्हता. तिची काळजी असलेला एकही माणूस मला त्या ग्रुपवर दिसला नाही.

आणि मोजणीला दिवस लागतात, आघाडी इकडची तिकडे होते, हे खरंय. पेनसिल्व्हेनियात तर मतदानाच्या दिवसाआधी पाकिटं उघडायलाही कायद्याने बंदी, मग उशीर होणार नाही तर काय? कायदाच तसा करायचा आणि मग उशिरात चोर शोधायचा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. २०२४ च्या लोकसभेला माझी आई, वय ८८, मिरजेत घरून मत देऊ शकली. निवडणूक आयोगाने तेव्हा पहिल्यांदाच देशभर ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना ही सोय दिली. आधी १२-ड नमुन्याचा अर्ज भरून दिला, मग कर्मचारी घरी आले, सोबत पोलीस आणि कॅमेरावाला. आईनं नवी साडी नेसली होती. मतपत्रिका पाकिटात घालून चिकटवतानाचा तो थरथरता हात... दादानं नंतरचा फोटो ग्रुपवर टाकला, बोटाला शाई, मागे देवघर. याच ग्रुपवर. याच माणसांनी बदाम पाठवले, “काकूंना सलाम”, “लोकशाहीचा उत्सव”. तेही कागदावरचं मत होतं हो! तेही पाकिटातच गेलं, नंतरच मोजलं गेलं. आणि त्याच निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिमला मतदान यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतं धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. तेव्हा भांडण झालं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जायलाच हवं होतं. पण म्हणून माझ्या आईचं पाकीट बंद करा असं कोणी म्हणालं का? कुणाची हिंमत झाली असती?

मग अण्णांचं का?

अण्णांना रांगेत उभं राहता येत नाही. बाथरूमला जायला त्यांना माणूस लागतो. केंद्रावर मागे पन्नास माणसं खोळंबलेली असताना ते गोल भरू शकले असते? विम्याच्या प्रश्नाचे युक्तिवाद तीनदा वाचू शकले असते? घरात बसलेल्या, आजारी, दोन-दोन पाळ्या करणाऱ्या माणसांना तुम्ही एका ओळीत बाद करता, आणि कारण काय, तर सही कोण बघतंय.

आता पुढचं सांगते. त्या फॉर्मवर सही करायला अण्णा रविवारी सकाळी बसले. गोळी घेतल्यावर तासभर हात बरा असतो म्हणून ती वेळ धरली. आधी जुन्या पाकिटाच्या मागच्या बाजूला सराव केला. पंधरा-वीस सह्या. मला सांगत होते की गावाकडच्या खातेदाराची सही वयानं बदलली की ते चेक परत करून मोकळे होत नसत. त्याला बोलावून घ्यायचे, काउंटरच्या आत बसवायचे, पाणी द्यायचे, आणि नव्या कार्डावर तीन सह्या घ्यायचे. “हे लोकही तेच करतायत,” म्हणाले. “फक्त पाणी आपलं आपण प्यायचं.” मग फॉर्मवर सही केली. रेघ तुटलीच. या वेळी दोन ठिकाणी.

निकालावर शिक्कामोर्तब होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत होती, आम्ही बरंच आधी पाठवलं. मी रोज वेबसाइट बघत होते. एका संध्याकाळी तिथे आलं, मतपत्रिका स्वीकारली. मी मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. निवडणुकीचा निकाल लागून दहा दिवस झाले होते, कोण जिंकलं ते सगळ्या जगाला माहीत होतं. त्याचं त्यांना काही नव्हतं. चेक पास झाला होता.

ज्यांनी आज अंगठे दिलेत त्यांनी एकदा आमच्याकडे या. त्यांच्यासमोर बसून विचारा, अण्णा, सही कोण बघतं? माझ्याशी नका वाद घालू, मला आज धीर नाही.

हल्ली डॉक्टरांनी गोळी बदलली आहे. हात बराच थांबलाय. काल रात्री जेवण झाल्यावर ते वर्तमानपत्राच्या कडेला सही करत बसले होते, मी ताट उचलायला गेले तर कागद माझ्याकडे सरकवला. शिरोरेघ पहिल्यासारखी, एका दमात, टोकाला झोका. मला इतका आनंद झाला. पण त्यांचा चेहरा काळजीत.

“आता ही पहिल्यासारखी आली तर परत पत्र येईल गं.”

“येऊ दे, अण्णा,” म्हटलं. “परत बसू.”