ख्रिस्ती देशाच्या डोंगरातून

“तू बरी, ख्रिस्ती देशात आहेस,” असे वसईहून फोन आला की हल्ली कोणी ना कोणी म्हणतेच. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना, म्हणजे नन्सना, मानवी तस्करी आणि सक्तीच्या धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. महाराष्ट्रात धर्मांतराविरुद्ध कडक कायदा आणू, असे सरकारने विधिमंडळात सांगितले तेही त्याच महिन्यात. तेव्हापासून माझ्या घरच्यांना माझ्यापुरते हायसे वाटते. आपल्या चर्चमधल्या काही तरुणांना तर आणखी पुढचे वाटते: आपण बहुसंख्य असतो, राज्य आपले असते, तर हे प्रश्नच उरले नसते.

मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या पापुआ न्यू गिनीच्या सिंबू प्रांतात, डोंगरातल्या एका गावात परिचारिका आणि धर्मभगिनी म्हणून राहते. हा देश जनगणनेत ९० टक्क्यांहून अधिक ख्रिस्ती आहे. मार्च २०२५ मध्ये इथल्या संसदेने ८० विरुद्ध ४ मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून देशाला ख्रिस्ती घोषित केले. इथल्या कॅथलिक बिशपांनी त्या दुरुस्तीला विरोध केला होता. माझ्या माणसांना हे सांगितले की फोनवर क्षणभर शांतता पसरते. ख्रिस्ती राष्ट्राला बिशपांचाच विरोध का, हे इथे राहिल्याशिवाय समजणे कठीण आहे.

आमचा दिवस पहाटे पाचला प्रार्थनेने सुरू होतो. बाहेर धुके असते आणि गवती छपरांतून चुलींचा धूर झिरपत असतो. उजाडले की बायका पाठीवर बिलूम, म्हणजे विणलेली झोळी, अडकवून रताळ्यांच्या मळ्यात निघतात. बिलूमचा पट्टा कपाळावर असतो. त्यात कधी रताळी, कधी सरपण, कधी झोपलेले बाळ. रताळे म्हणजे इथले काऊकाऊ. माणसाचे आणि डुकराचे दोघांचेही पोट त्यावरच चालते. आठच्या सुमारास दवाखान्यासमोर रांग लागते: न्यूमोनियाची मुले, क्षयाची औषधे न्यायला आलेली माणसे, लसीसाठी दोन दोन तास चालत आलेल्या आया. लसी सोलर फ्रिजमध्ये असतात, त्यामुळे सलग पाऊस लागला की माझे अर्धे लक्ष फ्रिजच्या तापमानाकडे. रस्ता आमच्या गावाच्या बराच खाली संपतो. अडलेली बाळंतीण असली की दोन बांबूंना ब्लँकेट बांधून चौघे जण तिला उतरवतात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून झोळीतून येणारे पेशंट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या देशातली जवळजवळ निम्मी आरोग्यसेवा चर्च चालवतात आणि सरकार त्यांना अनुदान देते. मी इथे कोणालाही ख्रिस्ती करत नाही. सगळ्यांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, माझ्या येण्याच्या कितीतरी आधी झालेला आहे. रविवारी कुंडू ढोलांच्या तालावर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते, देऊळ भरते, लोक मनापासून गातात. मला ती मिस्सा फार प्रिय आहे.

आणि याच गावात एखादा तरणा माणूस अचानक मेला की पहिला प्रश्न “कशाने?” हा नसतो. “कोणी?” हा असतो.

सांगुमा, म्हणजे करणी करून जीव घेणे, यावरचा विश्वास इथे घट्ट आहे. हाऊस क्राय, म्हणजे मयताचा मांडव, काही दिवस चालतो. सगळे नातलग तिथे जमतात, आणि कोणीतरी ग्लासमनला, म्हणजे जाणत्या भगताला बोलावू म्हणतो. भगत बहुधा बाईकडे बोट दाखवतो: विधवा, पाठीशी भाऊ नसलेली, दुसऱ्या गावातून लग्न होऊन आलेली. पुढे तिचे काय होते ते मी लिहिणार नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत माउंट हेगन शहरात केपारी लेनियाता या तरुणीला करणीच्या आरोपावरून भर दिवसा, गर्दीसमोर जिवंत जाळले होते. त्या गर्दीत स्नानसंस्कार न झालेले किती असतील?

म्हणून मृत्यू झाला की मी लवकरात लवकर त्या मांडवात जाऊन बसते. रडणाऱ्यांबरोबर रडते. मग घरातल्या मोठ्या माणसांना, पेशंटचे कार्ड हातात घेऊन, सावकाश सांगते की त्याचे फुप्फुस कसे निकामी झाले होते, तो कधीपासून खोकत होता, औषधे कधी सुटली. सोबत आमचे धर्मशिक्षक असतात. ते इथल्याच जमातीतले आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा जड. पहिल्या दिवशी कारण पटले तर बाई वाचते. तिसऱ्या दिवशी गेलात तर बहुतेक उशीर झालेला असतो. कधी रात्रीतून एखादीला दुसऱ्या खोऱ्यात हलवावे लागते. माझ्या मिशनरी आयुष्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

इतकी वर्षे ख्रिस्ती असूनही असे का, याचे उत्तर या डोंगरांच्या इतिहासात आहे असे मला वाटते. १९३३ मध्ये सोने शोधणाऱ्यांनी विमानातून इथली खोरी पाहिली आणि दुसऱ्याच वर्षी माउंट हेगनला कॅथलिक मिशन उभे राहिले. सोने शोधणाऱ्यांप्रमाणे मिशनऱ्यांजवळही पोलादी कुऱ्हाडी, मीठ आणि किनाऱ्यावरून आणलेले किमती शिंपले होते. जमीन, मजुरी, भाजी, सगळ्याची किंमत शिंपल्यांत दिली जाई. त्या पहिल्या मिशनऱ्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्यातल्या दोघांना सिंबूतच झालेल्या हल्ल्यांत प्राण गमवावे लागले. पण गावेच्या गावे या नव्या माणसांकडे वळली त्यात शिंपल्यांचा आणि पोलादाचा वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. वस्तूंच्या ओढीने माणसे देवळात आली. आतली भीती मात्र जिथल्या तिथे राहिली, आणि आता राज्यघटनेत पवित्र त्र्यैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचे, नाव घातल्याने ती एका तसूनेही हललेली नाही.

म्हणून मिशनरी आमिष दाखवून धर्मांतर करतात, हा आरोप मी हसण्यावारी नेत नाही. औषधाच्या बदल्यात श्रद्धा मागणे हे पाप आहे, मागणारा माझ्या धर्माचा असला तरीही. पण उत्तर प्रदेशच्या धर्मांतरविरोधी कायद्यातली आमिषाची व्याख्या वाचा. धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षणही त्यात बसते. धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे आणि पोलिसांनी त्याच्या हेतूची चौकशी करायची. एखाद्याच्या मनात काय चालले आहे हे पोलिसांनी कसे तपासायचे?

हा प्रश्न महाराष्ट्राने तरी विचारलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मत्यागाची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे त्यांनी अभ्यास केला, वाद घातले, लोकांशी बोलले. त्याच १९५६ मध्ये, त्याच नागपुरात, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवालही आला. आजच्या वादांत अहवालातली वाक्ये सर्रास उद्धृत होतात, दीक्षाभूमीची आठवण मात्र कोणाला होत नाही. लाखो माणसांनी एका दिवशी धर्म बदलला. त्यातल्या प्रत्येकाला ६० दिवस आधी अर्ज करायला लावला असता तर तो सोहळा झाला असता का?

आणखी एक गोष्ट मला इथून ठळक दिसते. २०१३ मध्येच पापुआ न्यू गिनीने १९७१ चा जादूटोणा कायदा रद्द केला, कारण “ती चेटकीण होती” अशी सबब सांगून खुन्याला शिक्षेत सवलत मिळत असे. त्याच वर्षी, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. तो कोणता देव मानायचा हे सांगत नाही. भीती दाखवून माणसाला लुबाडणे आणि छळणे हा गुन्हा ठरवतो. सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बाईला तो उपयोगी पडतो, मग ती कोणत्याही धर्माची असो. मी इथल्या लोकांना महाराष्ट्राबद्दल अभिमानाने काही सांगते तर ते हे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीटर तो रोट हे पापुआ न्यू गिनीचे पहिले संत झाले. ते धर्मगुरू नव्हते, बायकामुले असलेले साधे धर्मशिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने उपासनेवर बंदी आणली तेव्हा ते गुपचूप लोकांना जमवून प्रार्थना घेत राहिले आणि १९४५ मध्ये त्यासाठी मेले. आमच्या दवाखान्यातल्या भिंतीवर त्यांचे चित्र आहे. राज्याने मनाई केली म्हणून त्यांची श्रद्धा गेली नाही, आणि राज्याचा शिक्का मिळाला म्हणून ती माझ्या गावात रुजेल असेही मला वाटत नाही.

वसईच्या तरुणांना माझे सांगणे आहे की बहुसंख्य होण्याची स्वप्ने पाहू नका. आणि महाराष्ट्रातल्या आमदारांना माझी विनंती आहे: फसवणूक, धमकी, जबरदस्ती यांना जरूर शिक्षा द्या, पण मोफत शाळा आणि मोफत औषध आमिषाच्या यादीत घालू नका, आणि माणसाच्या श्रद्धेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊ नका.