डायनामाइट चुकून सापडलं आणि स्फोटकं सेफ झाली? नाही हो, असं झालेलं नाही

परत तो मेसेज फिरतोय. नायट्रोग्लिसरीन या द्रव स्फोटकाचा डबा गळला, ते खालच्या मातीत मुरलं, आल्फ्रेड नोबेलने ते पाहिलं आणि डायनामाइट तयार, त्याआधी कुणी सुरक्षिततेचा विचारच केला नव्हता आणि त्यानंतर स्फोटकं हाताळणं सेफ झालं, असं त्यात लिहिलंय. वाचायला छान वाटतं, पण जी माणसं यात मेली आणि ज्यांनी वर्षानुवर्षं यावर डोकं घातलं ती सगळी यातून गायब होतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊया.

आधी ते "चुकून". ही गोष्ट नोबेलने स्वतःच नाकारली होती. १८६४ मध्ये स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्गला त्यांच्या शेडमध्ये स्फोट झाला, त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. १८६६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक गळकी पेटी उघडायला गेले, आत नायट्रोग्लिसरीन आहे हे उघडणाऱ्यांना माहीतच नव्हतं, १५ जण मेले. अशा बातम्यांमुळे हे द्रव कुणी वाहून न्यायला तयार होईना. मग ते कशात मुरवलं तर धोका कमी होईल याचे जर्मनीत एल्बे नदीत तराफ्यावर प्रयोग, त्यात कोळसा झाला, लाकडाचा भुसा झाला, विटांची भुकटी झाली, सिमेंट झालं, आणि शेवटी किझेलगुर नावाची सच्छिद्र माती जमली. पेटंट १८६७ चं. याला योगायोग कसं म्हणणार?

"त्याआधी कुणी विचारच केला नव्हता" हे तर मला सगळ्यात जास्त लागतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत सुरुंगाची वात म्हणजे दारू भरलेलं गवताचं काड किंवा पिसाची नळी, ती कधी झर्रकन जळायची, कधी आत धुमसत राहायची, आणि विझली वाटून माणूस बघायला गेला की सुरुंग त्याच्या तोंडावर उडायचा. विल्यम बिकफर्ड हा चामड्याचा व्यापारी, त्याने दोर वळताना पाहिले आणि सुतं वळतानाच मधोमध दारूची बारीक धार सोडायची अशी कल्पना काढली. १८३१ ची सेफ्टी फ्यूज ती हीच. आता वात ठरलेल्या वेगाने जळायला लागली, म्हणजे किती लांब कापली की पळायला किती वेळ मिळेल हे आधीच कळायचं. नोबेलचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता!

गनकॉटनचंही तसंच, म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून स्फोटक बनवलेला कापूस. १८४७ मध्ये फॅव्हरशॅमचा कारखाना उडाला आणि इंग्लंडने तो नाद बरीच वर्षं सोडून दिला. नंतर फ्रेडरिक ॲबेल या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की कापसाचा तंतू आतून पोकळ असतो, त्यात ॲसिड अडकून राहतं आणि तेच माल हळूहळू बिघडवतं, म्हणून कागदाच्या लगद्यासारखं कुटून पुन्हा पुन्हा धुवायचं. उपाय म्हणजे नीट धुणं, पण त्याचं नाव त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता "सेफ झालं". डायनामाइट द्रवापेक्षा खूपच बरं होतं, यात वादच नाही. पण नायट्रोग्लिसरीन साधारण १३ अंश सेल्सिअसलाच गोठतं, त्यामुळे थंडीत कांड्या कडक व्हायच्या, कामगार त्या शेकोटीजवळ वगैरे गरम करायचे आणि त्यात जीव जायचे, शिवाय जुन्या कांडीला तेलाचा घाम फुटायचा तो वेगळाच धोका. न गोठणारी मिश्रणं नंतर आली, आणि कोळशाच्या खाणीतला गॅस पेटू नये म्हणून वेगळी स्फोटकं बनवावी लागली तीही नंतरच.

आणि विसाव्या शतकात? १९२१ मध्ये जर्मनीत ओपाऊला घट्ट बसलेला खताचा ढीग फोडायला सुरुंग लावले, तसे हजारो वेळा लावून झालेले होते, तरी त्या दिवशी ढीगच उडाला आणि ५०० हून जास्त माणसं गेली. अमेरिकेच्या फॉरेस्टल जहाजावर १९६७ मध्ये चुकून सुटलेल्या रॉकेटने आग लागली, दीडेक मिनिटात जुने बॉम्ब आगीत तापून फुटायला लागले, १३४ मृत्यू. आगीत पडलं, गोळी लागली तरी फुटू नये अशी स्फोटकं हवीत हा आग्रह तिथल्या नौदलात अशाच अपघातांनंतर वाढला, म्हणजे नोबेलच्या पेटंटनंतर १०० वर्षांनी.

कारखान्यात किंवा खाणीत काम करणारं कुणी त्या मेसेजवर विसंबलं तर काय, मला त्याचीच काळजी वाटते. तो पुढे पाठवताना "सेफ" हा शब्द तेवढा काढून टाका.