सगळं ठरलेलं की योगायोग? सोयीप्रमाणे वापरायची पद्धत

विश्वात सगळं आधीच ठरलेलं असतं का सगळा चान्सचा खेळ, या भानगडीत एकच बाजू धरून बसू नका राव, दोन्ही खिशात ठेवा. ऑफिसला लेट झालात, बायकोचा वाढदिवस विसरलात की लगेच लाप्लास हा फ्रेंच गणिती काढायचा, त्याने 1814 सालीच लिहून ठेवलंय की एका क्षणाला प्रत्येक कण कुठे आहे, त्याच्यावर कुठली बलं आहेत हे सगळं एखाद्या बुद्धीला कळलं तर तिला भूतभविष्य दोन्ही लख्ख दिसेल, म्हणजे तुमचं विसरणं सूर्यमाला बनायच्या आधीच फिक्स होतं, त्यात तुमचा काय दोष! (ती म्हणेल, मग माझं भांडणही तेव्हाच फिक्स झालेलं. मुद्दा भक्कम आहे, विषय बदला.)

शेजाऱ्याच्या पोराला आयआयटी लागली की मात्र तडक क्वांटम, म्हणजे अणू आणि त्याहून बारीक कणांचं भौतिकशास्त्र. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग, 1927, अनिश्चितता (कणाची जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके सांगता येत नाहीत), बास. युरेनियमचा नेमका कुठला अणू कधी फुटेल ते कोणाला सांगता येत नाही, तसंच त्याचं सिलेक्शन, निव्वळ चान्स. तुमच्या पोराला लागली तर ते संस्कार.

'देव फासे खेळत नाही', म्हणजे जग चान्सवर चालत नाही, या आइनस्टाइनच्या वाक्यावर नुसती मान डोलवा. भौतिकशास्त्रज्ञ बेलचं 1964 चं प्रमेय (आइनस्टाइनचं म्हणणं खरं की क्वांटमचं, हे प्रयोगाने तपासता येतं असं दाखवणारं) आणि त्यावरच्या प्रयोगांना 2022 साली मिळालेलं नोबेल, हे स्वतःहून काढू नका, कारण ग्रुपात एखादा वाचलेला निघतोच आणि तो सांगत बसतो की त्याने नियतिवाद (सगळं ठरलेलं असतं ही बाजू) मेला वगैरे काही नाही, फक्त लांबून तत्काळ परिणाम होत नाही असं धरून चालणारा नियतिवाद गोत्यात आला, भौतिकशास्त्रज्ञ बोमचं 1952 चं मॉडेल आजही पूर्ण ठरलेलंच आहे आणि आकडे क्वांटमचेच देतं. चहा गार होतो हो.

हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ तर टाळाच. 1961 मध्ये कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित परत चालवताना त्याने 0.506127 च्या जागी 0.506 टाकलं आणि पुढचं हवामान पार भलतीकडे गेलं, समीकरणांत चान्स नावालाही नसताना! ठरलेलं असूनही आधी सांगता येत नाही असंही असतं हे लोकांना कळलं तर पत्रिकावाल्यांनी खायचं काय?

आणि एक जण भेटेल जो विचारेल की मेंदूत काहीतरी चान्सने घडलं म्हणून निर्णय घेतलात तर तो तरी तुमचा कसा. यावर तुमच्याकडे उत्तर नसणार. हॉटेलचं बिल आलं की त्याच्याकडे सरकवा आणि म्हणा, ठरलेलंच होतं.