व्हीलचेअर सामानात धरायची का?

आईच्या गुडघ्यांनी कायमचा संप पुकारल्यापासून दर पंधरा दिवसांनी आम्हाला चेंबूरहून परळच्या एका इस्पितळात जावे लागते. आई ८१ वर्षांची आहे. टपाल खात्यात पार्सलांच्या खिडकीवर तिने उमेदीची सगळी वर्षे काढली, त्यामुळे कोणतीही वस्तू समोर आली की तिचे वजन किती, तिला सुतळी किती लागेल आणि ती वाटेत फुटेल का, हे तिला न विचारता सांगता येते. चारचौघांत मला पाहूनही तिने हे सांगितलेले आहे.

इस्पितळाची वेळ दहाची असल्याने साडेआठला आम्ही सोसायटीच्या फाटकाशी उभे राहतो. म्हणजे मी उभा राहतो आणि आई व्हीलचेअरमध्ये बसते. एरवी मी एकटा दिसलो तर वेग कमी करणाऱ्या रिक्षा त्या खुर्चीची चाके दिसताच वेग वाढवतात. जे थांबतात त्यांच्याकडे कारणे तयार असतात. एकाला गॅस भरायचा असतो, दुसऱ्याला गाडी मालकाला परत द्यायची असते, तिसरा सकाळी पावणेनऊला जेवायला निघालेला असतो. मागच्या खेपेला चौथ्याने तर काहीच कारण दिले नाही; त्याने खुर्चीकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि मान अशी हलवली की जणू आम्हीच त्याला सायनऐवजी काशीला न्यायला सांगत होतो. आईने त्याचा नंबर पाठ केला. तिला नंबर पाठ करण्याची सवय आहे, त्याचे पुढे काय करायचे याची नाही.

भाडे नाकारणे हा गुन्हा आहे, हे मी तिला अभिमानाने सांगितले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ मध्ये नकारालाही दर लावून ठेवला आहे. मूळ कायद्यात हा दंड दुचाकी-तीनचाकीसाठी ५० रुपयांपर्यंत आणि बाकीच्या वाहनांसाठी २०० रुपयांपर्यंत होता. आईने क्षणभर हिशेब केला आणि म्हणाली, “म्हणजे चौथ्या चाकाचे दीडशे रुपये झाले. मग माझ्या खुर्चीला चार चाकं आहेत, मीही कुणालातरी नाकारू शकते.”

फाटकाशी वर्तमानपत्र घ्यायला आलेल्या शेजारच्या काकांनी नगरसेवकाला भेटण्याचा सल्ला दिला. ही गोष्ट २०२५ च्या मार्चमधली आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यापासून शहराला नगरसेवकच नव्हते, आणि असते तरी त्यांचा या दुखण्याशी संबंध नव्हता, कारण रिक्षा-टॅक्सीचा परवाना, चालकाचा बॅज आणि मीटर हे सगळे परिवहन खात्याच्या अखत्यारीत येते आणि भाड्याचा दर मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण ठरवते. काका म्हणाले, “तरी सांगून ठेवा.” हे वाक्य मुंबईत कोणत्याही तक्रारीचे अंतिम टोक असते.

अखेर एक तरुण रिक्षावाला थांबला. “बसा मावशी,” म्हणाला, आणि आईला दोन्ही काखांत धरून त्याने इतक्या सफाईने आत ठेवले की पार्सलवाल्यांची जुनी तुकडी आठवल्याचे तिने नंतर कबूल केले. घडी घातलेली खुर्ची माझ्या मांडीवर आली. रिक्षाची तीन आणि खुर्चीची चार अशा सात चाकांवर आमचा प्रवास सुरू झाला आणि त्यांतले एक चाक दर खड्ड्याला माझ्या बरगडीत फिरत राहिले.

१ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले होते आणि टॅक्सीचे २८ वरून ३१. पण दर वाढला म्हणजे मीटरला तो आपोआप कळतो असे नाही. प्रत्येक मीटर उघडून त्यात नवा दर भरायचा, त्याची चाचणी करून घ्यायची आणि पुन्हा सील लावायचे, अशी ती यात्रा असते. तोवर चालकाने दरपत्रक दाखवून जुन्या आकड्यावरून नवा आकडा काढायचा. सायनला उतरताना मीटरवर ७२ रुपये होते. रिक्षावाल्याने प्लॅस्टिकमध्ये घातलेले कार्ड पुढे केले आणि आईने चष्मा लावून, बोट ठेवून ७२ च्या ओळीतले ८१ शोधले. त्या कार्डावर दिवसाचा रकाना होता आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पर्यंतच्या सव्वापट भाड्याचाही होता. रिक्षाचा पुढच्या किलोमीटरचा दर १७ रुपये १४ पैसे ठरवणाऱ्या सरकारच्या काटेकोरपणाचे मला मनापासून कौतुक वाटते. फक्त ८१ रुपयांसाठी शंभराची नोट दिल्यावर १९ रुपये सुटे कुठून आणायचे, याचा रकाना त्यात नाही. व्हीलचेअरचाही नव्हता. रिक्षावाल्याने तिचे काही मागितलेही नाही. वीसची नोट परत देऊन त्याने वर एक रुपया सोडला आणि मला लाज वाटली.

सायनला उतरण्याचे कारण असे की, मुंबईत रिक्षाला मूळ शहरात प्रवेश नाही. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन इथे तीन चाकांचे राज्य संपते आणि चार चाकांचे सुरू होते. निरोगी माणसाला ही सीमा फुटपाथवरून ओलांडता येते. आम्हाला मात्र खुर्ची उघडणे, आईला बसवणे, फुटपाथच्या वीतभर उंच कडेशी झगडणे, पुन्हा आईला उठवणे आणि खुर्ची मिटणे असे सीमाशुल्क भरावे लागते.

टॅक्सीवाले काका साठीचे, साताऱ्याकडचे होते. त्यांनी डिकी उघडली, तर आत गॅसची टाकी ऐसपैस पहुडलेली होती आणि उरलेल्या जागेत एक पाण्याची बाटली मावत होती. “पद्मिनी असती तर...” असे म्हणून ते थांबले. आईही थांबली. प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, कारण शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती आणि टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे ठरलेले आहे. तिच्या मागच्या आसनावर बसणे म्हणजे मामाच्या घरी सोफ्यावर बसणे होते. दोघांनी गतगाडीला श्रद्धांजली वाहिल्यावर खुर्ची टपावरच्या कॅरिअरवर चढली आणि काकांनी नायलॉनच्या दोरीने ती बांधली. आई खालून सूचना देत होती. शेवटची गाठ तिच्या सांगण्यावरून बसली.

वाटेत बर्मिंगहॅमहून पुतण्याचा फोन आला. त्याला आमची अडचण कळताच तिकडची व्यवस्था सांगण्याचा उमाळा आला. तिथे टॅक्सीला परवाना स्थानिक कौन्सिल देते, व्हीलचेअर नेता येणाऱ्या गाड्यांची यादी ठेवते, आणि यादीतल्या गाडीचा चालक २०१० च्या समानता कायद्यामुळे खुर्चीसाठी जास्तीचे पैसे मागू शकत नाही. लंडनच्या काळ्या टॅक्सीत तर उतरती फळी लावून खुर्चीसकट माणूस आत नेतात. आईने विचारले, “खुर्चीवरून न उठवता?” तो हो म्हणाला. ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम ४१ आहे आणि त्यात वाहतुकीची साधने सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, हे मी सांगणार होतो. पण डोक्यावर कॅरिअरमध्ये खुर्ची खडखडत असताना ते वाक्य तोंडातून निघेना.

परळला मीटरवर १२४ रुपये झाले होते. काका खाली उतरून म्हणाले, “सामानाचे वेगळे होतील.”

“कुठलं सामान?” आईने विचारले.

“वरची खुर्ची.”

“ती सामान आहे, तर मी कोण?” आईचा आवाज पार्सलच्या खिडकीतला झाला होता. “माझे पाय वर बांधलेत तुम्ही. पायाचं वेगळं भाडं घेता का कुणाकडून?”

काकांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. “पाय टपावर नसतात, ताई,” ते म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. आई पुढे म्हणाली की पार्सल असते तर वजन करून तिकीट लावले असते, पावती दिली असती आणि हरवले असते तर भरपाईही मिळाली असती; त्यातले काहीच नसताना नुसते पैसे तेवढे मागायचे, हा कुठला न्याय? मागून इस्पितळाचा पहारेकरी गाडी पुढे घ्या म्हणून शिट्टी वाजवत होता. सामानाचा विषय तिथेच मागे पडला.

मग गाठ सुटेना. काका आणि मी टपाशी झुंजत होतो, आई आत बसून मीटर मोठ्याने वाचत होती, कारण थांबण्याचा वेळही मीटर मोजतोच. “एकशे सव्वीस,” ती म्हणाली. काकांनी खिशातून ब्लेड काढले. “एकशे अठ्ठावीस. दोरी कापायची नाही,” ती ओरडली. “चांगली दोरी आहे.” टपाल खात्यात दोरी कापणारा माणूस वाया गेलेला समजतात, असे मी काकांना हळूच सांगितले. शेवटी त्यांनीच आत हात घालून मीटर बंद केला, ब्लेड खिशात ठेवले आणि दातांनी गाठ सैल केली.

आईने १२८ रुपये सुटे मोजून दिले. मग दोरी मागून घेतली, अंगठा आणि करंगळीभोवती आठच्या आकड्यात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. काका पाहतच राहिले. “परत जाताना लागेल,” ती म्हणाली, “तुम्ही किती वाजता येताय?”